न हलणारी रेघ

आमच्या घरी बाबांचं बीपी आई मोजतात आणि आकडा पण आईच ठरवतात. बाबा म्हणजे माझे सासरे, शालिग्रामजी, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे मशीनवरचे आकडे त्याइले धड दिसत नाहीत. रोज सकाळी चहाच्या आधी सासूबाई, म्हणजे वनमालाबाई, त्यांच्या दंडाले पट्टा गुंडाळतात. मशीन घुर्र करते, एकशे साठ येते, कधी एकशे सत्तर येते, आणि आई मोठ्यानं सांगतात, "एकशे तीस, ब्याऐंशी. बेस आहे."

काहून, तर खरा आकडा ऐकला की बाबा घाबरतात आणि घाबरले की आकडा अजून चढते, असा आईचा शोध. बाबांचे मोठे भाऊ याच बीपीनं गेले, तेव्हापासून घरात या विषयाची दहशत. डॉक्टरकडे चला म्हटलं तर आई म्हणतात, "तो तर नुसता गोळ्या वाढवते." मी एकदा हिंमत करून म्हटलं, "आई, हे बरं नाई." तर म्हणाल्या, "तुले माणूस सांभाळायचा अनुभव किती?" आता यावर नव्या सुनेनं काय बोलावं.  गोळी तर रोज चालू आहे ना, एवढ्यावर मी मनाले समजावत होती.

दुसरा शहाणा माझा नवरा. अभिनवनं सेकंडहँड टर्बोची गाडी घेतली. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, हे चौबे कॉलोनीतल्या एकूण एक शेजाऱ्याले त्यानं समजावून सांगतलं आणि दर वेळी मले बाजूले उभं केलं. पण कंपनीनं दिलेली हवा साहेबाले पुरेना. कोण्या गॅरेजात जाऊन दाब वाढवून आणला. तर नवीनच भानगड. दाब हद्दीबाहेर गेला की सेन्सर गाडीच्या कंप्यूटरले सिग्नल देते, कंप्यूटर पेट्रोल तोडते, आणि गाडी झटका मारून मरगळते. गॅरेजवाल्याजवळ त्यावरही उपाय तयार होता. सेन्सरच्या तारेत एक डबी बसवायची. मग दाब कितीही चढो, कंप्यूटरले एका ठरलेल्या आकड्याच्या वरचं काही कळतच नाई. "भैया, इंजन को क्या मालूम," असं म्हणे तो म्हणाला.

"म्हणजे खोटं सांगायचं," मी म्हटलं.

"खोटं नाही यार, मॅनेज करायचं," अभिनव म्हणाला. आईचाच पोट्टा, दुसरं काय.

रविवारी नाश्ता झाल्यावर तो आम्हाले गाडीची ताकद दाखवायले अभनपुरच्या रस्त्यानं घेऊन निघाला. बाबा समोर बसले, आई आणि मी मागं. आईजवळ शेवेची पुडी होती. बीपी नॉर्मल, त्यामुळे बाबा पण हात मागं करून मूठ मूठ खाऊन राहिले होते. अभिनवनं समोर फोन अडकवला होता. कंप्यूटरले किती दाब कळून राहिला, ते त्यावर हिरव्या रेघेनं दिसत होतं.

"बाबा, तुम्ही सिग्नलवाले. बघा आता."

मोकळा रस्ता दिसला आणि त्यानं पाय दाबला. माझी पाठ सीटले चिकटली. आईनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा कडकड आवाज यायले लागला.

"थांबव," बाबा म्हणाले.

"नॉर्मल आहे बाबा ते."

"थांबव म्हणतो ना."

गाडी बाजूले लागली. बाबांनी फोन काढून डोळ्याजवळ धरला. आकडे काही त्याइले वाचता येईनात, पण रेघ दिसत होती. अभिनवनं फोनमधली मघाची नोंद पुन्हा चालवून दाखवली. रेघ थरथरत वर चढली, एका जागी पोचली आणि तिथून इस्त्री फिरवल्यासारखी सपाट निघाली.

"सेन्सर मेला का याचा?"

"मेला नाई. डबीनं धरून ठेवला आहे. कंप्यूटरले टेन्शन नको म्हणून."

"अन पेट्रोल किती द्यायचं, हे कोण ठरवते?"

"कंप्यूटरच."

"मग त्याले जेवढी हवा कळली तेवढ्यापुरतंच पेट्रोल तो देऊन राहिला. हवा जास्त, पेट्रोल कमी. आत इंजिन भाजून राहिलं अन तू मले नॉर्मल सांगून राहिला. कंप्यूटरची काय चूक? तो तर इमानदारीनं काम करून राहिला."

अभिनव ओशाळला. "पण तुम्हाले नुसत्या रेघेवरून कसं कळलं?"

"जिंदगी यातच गेली माझी. जिवंत तारेवरचा आकडा हलते. ऊन तापलं, पाऊस पडला, गाडी गेली, थोडा तरी हलतेच. जो हलतच नाई तो एक तर मेला, नाईतर कोणी त्याले धरून..."

बाबा थांबले. फोन मांडीवर ठेवला. मग मागं वळले, पण आईकडं नाही, माझ्याकडं.

"क्षमा, दिवाळीपासून माझं बीपी किती आहे?"

मी आईकडं पाहिलं. आई शेवेच्या पुडीले गाठ मारत बसल्या होत्या.

"एकशे तीस, ब्याऐंशी," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

"दादाच्या वर्षश्राद्धाले मी लहान पोरासारखा रडलो. त्या दिवशी?"

त्या दिवशी पण तेच, अशी मी मान हलवली. अभिनवनं गुपचूप इंजिन बंद केलं.

"म्हणून मी गोळी सोडली," बाबा म्हणाले. "होळीपासून. एवढं बेस आहे तर काहून खायची?"

 आई एकदम पुढं सरकल्या. "अहो, मी रोज तुमच्या हातावर ठेवते ना गोळी."

"कुंडीत टाकतो. म्हटलं, तुले उगाच टेन्शन नको."

असा राग आला मले, की दोघाइले तिथंच उतरवून द्यावं वाटलं. सगळं घर एकमेकांचं टेन्शन सांभाळून राहिलं होतं आणि मधल्या मधे माणूस जायची वेळ आली होती. आई पदर डोळ्याले लावून म्हणाल्या, "तुम्ही घाबराल म्हणून केलं जी मी."

"घाबरलो असतो तर गोळी तरी खाल्ली असती," बाबा म्हणाले.

अभिनवनं हळूहळू गाडी घरी आणली. बीपीची मशीन मी काढली. आईनं सवयीनं हात पुढं केला, पण मी पट्टा दिला नाही. बाबांच्या दंडाले मीच गुंडाळला. मशीन घुर्र घुर्र करत राहिली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. आकडा आला. माझ्या खांद्यावरून वाकून पाहत अभिनव कानाशी पुटपुटला, "थोडा कमी करून सांग ना."

"एकशे ब्याण्णव," मी मोठ्यानं म्हटलं. "खालचं एकशे दहा."

बाबांचा चेहरा उतरला.  चांगले घाबरले ते, आणि मले इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"चप्पल आण माझी," ते म्हणाले. "डॉक्टरकडं जाऊ."