आईचं बोलणारं ॲप

अर्धांगवायूनंतर आईची समज शाबूत राहिली, पण वाचा गेली. धाकट्या लेकीने, घरात तिला सगळे बारकी म्हणत, आईसाठी फोनवर एक ॲप केलं: चित्राला बोट लावलं की फोन तो शब्द बोलणार. बारकी वेबसाइट बनवणारी, त्यामुळे ॲपच्या आतही तिने नेटवरून उघडणारी वेबपानंच बसवली. नवा शब्द चुटकीसरशी चढायचा, पण आवाज रेंगाळत यायचा. आई 'पाणी'वर बोट ठेवायची, काही होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा दाबायची, आणि मग फोन लागोपाठ पाणी मागत सुटायचा. एकदा नेट गेलं तेव्हा तर तो मुकाच झाला. आईने तो पलंगावर आपटला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बारकीची वहिनी फोनची ॲपं लिहिण्यात मुरलेली. सगळं मोडून फोनच्याच भाषेत नव्याने लिहू, असं तिने सुचवलं. बारकीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग एकेका शब्दासाठी अख्खं ॲप नव्याने घालावं लागेल, तोवर आईने काय करायचं, असं तिने विचारलं. म्हणणं दोघींचंही खरं होतं, म्हणूनच दोघी हट्टाला पेटल्या. काही दिवस अबोला चालला.

शेवटी वहिनीच लॅपटॉप घेऊन बारकीशेजारी बसली.

"पानं तुझीच राहू देत. बोट लागलं हे ओळखणं आणि आवाज काढणं तेवढं माझ्याकडे दे. शब्द फोनमध्येच साठवू, नेट असो नसो."

बारकीने थोडे आढेवेढे घेतले, मग खुर्ची सरकवून जागा दिली. पानाने निरोप धाडायचा आणि फोनने तो झेलायचा, एवढं जुळवताना दोघींच्या नाकी नऊ आले. सुरुवातीला 'भूक' दाबली की 'पंखा' ऐकू यायचा. आई खुदकन हसली, आजारपणानंतर पहिल्यांदाच.

मग जमलं. बोट टेकायचा अवकाश, शब्द बाहेर. आई सगळी चित्रं दाबून बघत होती, तेवढ्यात दोघींची चौकोनांच्या रंगावरून पुन्हा जुंपली. आईने रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. तिला नवा शब्द हवा होता. औषध का, खिडकी का, दोघी विचारत राहिल्या. तिने बोट स्वतःच्या ओठांवर नेलं. बारकीला उमगलं. तिने शब्द लिहिला, तो लगेच चौकोनात उमटला, आणि आईने दाबला.

"गप्प बसा," फोन ठणकावून म्हणाला.

दोघी गप्प बसल्या. त्या शांततेत आईने ओठ हलवून खटपट केली. "ग..." एवढंच निघालं, घोगरं, पण तिचं स्वतःचं.

वहिनीने बारकीचा हात घट्ट धरला. फोन बाजूला ठेवू का, असं तिने आईला हळूच विचारलं. आईने तो मांडीवर ओढून घेतला आणि पुन्हा 'ग' काढायला लागली.