चार बोटं

तिनं टीव्हीच्या डाव्या कडेला अंगठा टेकवला, करंगळी ताणली आणि वीत वीत करत ती उजव्या टोकापर्यंत गेली. चालू पडद्यावर एक देवमासा पोहत होता. तिच्या बोटांखालून तो निघून गेला.

“सहा विती, वर दोन बोटं,” ती म्हणाली. “बसणार नाही.”

“अगं, एकशे तेवीस सेंटिमीटर. इथं छापलंय. आपला कोनाडा एकशे पंचवीस.”

“कुणी सांगितलं?”

“प्लॅननं.”

“तरी बसणार नाही.”

“वीत म्हणजे माप नव्हे. वीत माणसागणिक बदलते.”

“माझी चाळीस वर्षांत बदललेली नाही,” असं म्हणून ती दुकानातल्या पुढच्या रांगेकडे चालू लागली.

काटकोनसाहेब टीव्हीपाशीच थांबले. त्यांचं खरं नाव आता फक्त भूमापन खात्याच्या सेवापुस्तकात उरलं होतं. चौतीस वर्षांत त्यांच्या मोजणीवर घेतलेली एकही हरकत टिकली नाही, तेव्हा सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्यामागोमाग घरी आलं. घराचा प्लॅन त्यांनी स्वतः काढला होता आणि जमिनीवर आखणीही स्वतःच केली होती. तो प्लॅन काचेच्या चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत टांगलेला होता. पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला येण्याआधी त्याला तो बघावा लागे. “चारही कोपरे नव्वद. एक मिनिटाचाही फरक नाही. आणि हे मिनिट घड्याळातलं नव्हे बरं, अंशाचं,” हा त्यांचा ठेवणीतला विनोद. पाहुणे हसत. बायको तेवढ्यात काहीतरी आणायला आत गेलेली असे.

या टीव्हीच्या मागावर ते तीन महिने होते. पाच दुकानांच्या जाहिराती त्यांनी कापून ठेवल्या होत्या, कुठं काय उतरतंय त्यावर डोळा ठेवला होता, आणि वर्षअखेरच्या सुट्ट्यांच्या सेलला सगळे आकडे एकदम घसरणार हे भाकीत जावयाला आधीच सांगून ठेवलं होतं. ते खरं ठरलं. त्यामुळे आज अर्धं शहर या दुकानात लोटलं होतं. एक गृहस्थ मायक्रोवेव्हचं खोकं तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून रांगेत उभे होते. दोन बहिणी एकाच शेवटच्या स्पीकरला दोन बाजूंनी हात लावून एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या.

“अहो, इकडं या,” बायकोची हाक आली. “मला हे हवंय.”

त्यांना वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या बायकोनं हाक मारली. चाळीस वर्षांच्या संसारात घराला हवं, मुलीला हवं, स्वयंपाकघराला हवं, असं सगळं त्यांनी ऐकलं होतं. मला हवं, हे पहिल्यांदाच.

ताटाएवढं, पांढरं, चपटं यंत्र होतं. केर काढणारं. दुकानानं पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करून एक लुटुपुटीची खोली केली होती, तिच्यात दोन स्टुलं आणि एक जुना बूट टाकला होता. त्या विभागाच्या बाई पन्नाशीच्या होत्या. चष्मा केसांवर चढवलेला, सकाळपासून तेच तेच सांगून आवाज बसलेला.

“काका, याला काही शिकवावं लागत नाही. सोडलं की आधी खोली बघून घेतं.”

“बघून घेतं म्हणजे?”

“डोक्यावरची ही टोपी फिरते ना, तिच्यातून लेझर सुटतो. भिंतीला लागून परत येतो. मोबाईलवर बघा, नकाशा तयार होतोय.”

काटकोनसाहेबांनी घ्यायचा म्हणून मोबाईल हातात घेतला आणि बघितलं. मग ते खाली बसले. आधी उकिडवे, मग एक गुडघा टेकून, शेवटी दोन्ही. मागून येणारी गर्दी त्यांना वळसा घालून जाऊ लागली.

पडद्यावर आधी एक ठिपका होता. ठिपक्याभोवती धुकं निवळावं तशी जमीन उजळली. मग एक भिंत आली, दुसरी आली, स्टुलांचे पाय टाचणीच्या टोकासारखे उमटले. बुटापाशी यंत्र थबकलं, जरा वळलं, आणि नकाशावर बुटाची कड आली. साहेबांना मोजणीची साखळी आठवली. काट्याकुट्यातून ती ओढणारी चार माणसं, दूर उभ्या केलेल्या निशाणाच्या काठ्या, तिपाईवर ठेवलेला फळा, उन्हानं वाकणारा कागद. एका गावाला तीन आठवडे लागत. आणि इथं वीतभर उंचीही नसलेला हा जीव, पोटात केर घेत घेत, कुणी काठी धरलेली नसताना मोजणी करत होता. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात वेळ लावली होती. पाच मिनिटं चाळीस सेकंद.

“बंद झालं का हो?” बायकोनं विचारलं.

“पूर्ण झालं,” ते म्हणाले. आवाज देवळात बोलावा तसा खाली गेला होता.

“मग टीव्ही राहू दे ना.”

“कसला टीव्ही?” ते म्हणाले.

बाईंनी शेवटचा सीलबंद नग काढून दिला आणि पावतीवर बोट ठेवलं. सेलचा माल परत घेत नाहीत, पण मापात, चालण्यात काही दोष निघाला तर उद्या सहापर्यंत आणून द्यायचा. नंतर नाही. “उद्या मीच फोन करते, काका. तुम्ही असे खाली बसलात, माझ्या लक्षात राहाल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला यंत्र घरात सोडलं. बायको पाय वर घेऊन पलंगावर बसली आणि ते पलंगाखाली शिरलं तशी लहान मुलीसारखी हसली. “तिथं मी सहा महिन्यांत पोचले नाही हो!” साहेब मोबाईल दोन्ही हातांत धरून यंत्रामागे फिरत होते. स्वयंपाकघर आलं, बोळ आला, झोपायची खोली आली. आपण कागदावर काढलेलं घर घरानं स्वतःच परत काढून दाखवावं, असं ते दृश्य होतं. त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

शेवटी बैठकीची खोली आली. ते थांबले.

नकाशा चौकड्यांवर उमटत होता. तीन भिंतींच्या रेघा चौकडीला धरून सरळ गेल्या होत्या. चौथी, पश्चिमेची, खिडकीकडे जाताना दोन ठिकाणी पायरीसारखी मोडून आत सरकली होती. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं.

“याला दोष आहे,” ते म्हणाले.

“कशाला?”

“यंत्राला. भिंत वाकडी दाखवतंय.”

बायकोनं पाय खाली घेतले. हसू कुठं गेलं ते कळलं नाही. “पुन्हा एकदा फिरवून बघा,” ती म्हणाली, आणि लगेच, “नाहीतर राहू दे ना. केर तर काढतंय.”

“केराचा प्रश्न नाही. चुकीचं मोजणारं यंत्र मी घरात ठेवणार नाही.”

पुन्हा फिरवलं. त्याच पायऱ्या, त्याच जागी. तिसऱ्यांदा फिरवलं. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी यंत्र पुसून खोक्यात घातलं, पावती वर ठेवली, आणि मग दुकानात दोष दाखवायला पुरावा हवा म्हणून कपाटातली पोलादी टेप काढली.

“कशाला आता ते?” बायको दारात उभी राहून म्हणाली. “तुमचे गुडघे.”

“दहा मिनिटांचं काम.”

काटकोन तपासायचा तर एका भिंतीवर तीन मीटर, दुसरीवर चार मीटर खूण करायची. दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर पाच मीटर भरलं पाहिजे. शिकाऊ पोरांना ते हे पहिल्या दिवशी शिकवत. खुणा भिंतीच्या पायाशी करायच्या म्हणून त्यांनी गालिच्याची कड उलटली, खडूनं रेघ मारली, टेप ताणली.

चार मीटर, शहाण्णव सेंटिमीटर, वर चार मिलिमीटर.

त्यांनी टेपचं टोक पुन्हा बसवलं. शहाण्णव, चार. मग त्यांनी खोलीची रुंदी दाराकडून घेतली. चार मीटर. खिडकीकडून घेतली आणि आकडा मोठ्यानं वाचला नाही.

गालिच्याची उलटलेली कड अजून त्यांच्या गुडघ्याशी होती. तिच्यावर त्यांची नजर गेली. कारखान्याची शिवण मशीनची असते, बारीक आणि एकसारखी. ही कड हातानं शिवलेली होती. दाराकडे पट्टी अंगठ्याएवढी दुमडलेली, खिडकीकडे जाता जाता रुंद होत गेलेली. गालिचा वरून सरळ दिसावा म्हणून कुणीतरी तो भिंतीच्या मापानं तिरपा करून घेतला होता.

ते उठले. पडद्यांची खालची दुमड बघितली. खिडकीच्या टोकाच्या पडद्याला एक चूण जास्त होती. कोनाड्यातल्या पुस्तकांच्या मांडणीमागे हात घातला, ही मांडणी ते एकदा चार महिने मोजणीच्या छावणीवर असताना बायकोनं सुताराकडून करून घेतलेली, आणि तिची मागची फळी पुढच्यापेक्षा अरुंद होती. वर प्लॅनची चौकट टांगली होती. तिच्या एका खालच्या कोपऱ्यामागे घडी घातलेलं पुठ्ठ्याचं पाचर होतं, भिंत तिरपी असली तरी चौकट समोरून नीट दिसावी म्हणून. पाचर काळपट पडलेलं. इतकी वर्षं ते याच खोलीत बसत आले होते.

“टीव्ही बसला नसता,” ते म्हणाले.

“नसता.”

“म्हणून हे यंत्र घेतलंस.”

“तुम्हाला टीव्हीपासून लांब न्यायचं होतं. समोर हेच दिसलं,” ती म्हणाली. “मला काय माहीत, हे मेलं मोजतं.”

त्यांना हसू आलं, ते अर्ध्यात थांबलं. ते खुर्चीत बसले. टेप हातात तशीच उघडी होती.

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही भिंत पाडली असती. आणि परत छावणीवर गेला असता. कडेवर पोर घेऊन मी पाडलेल्या भिंतीपाशी बसले असते.” मग जरा थांबून ती म्हणाली, “गवंड्याची चूक असेल.”

काटकोनसाहेबांनी पश्चिमेच्या कोपऱ्याकडे बघितलं. ती संध्याकाळ त्यांना आठवली. तीन कोपऱ्यांच्या खुंट्या तपासून ठोकलेल्या, चौथीला उजेड कमी पडत होता, आणि छावणीकडे जाणारी शेवटची गाडी अर्ध्या तासात होती. चौथी त्यांनी नजरेनं ठोकली होती.

“नाही,” ते म्हणाले. “खुंटी माझी.”

आत येऊन तिनं गालिच्याची कड पायानं सरळ केली.

पावणेसहाला फोन वाजला. बसलेला आवाज आज जरा बरा होता.

“काका, काही दोष निघाला का? सहाला सिस्टीम बंद होते, म्हणून विचारते.”

“निघाला,” काटकोनसाहेब म्हणाले. “यंत्रात नाही.”

“म्हणजे ठेवताय?”

“ठेवतोय. फार चोख मोजतं. मी चौतीस वर्षं हेच काम केलंय, म्हणून सांगतो.”

फोन ठेवून त्यांनी खोक्यातून यंत्र बाहेर काढलं आणि जमिनीवर ठेवलं. मग भिंतीवरची चौकट उतरवली, मागचे खिळे वाकवले, काच बाजूला ठेवली. निळसर कागद कडांना तपकिरी झाला होता. टोक काढलेली पेन्सिल घेऊन ते टेबलाशी बसले आणि पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या टोकाशी, पेन्सिल टेकवून थांबले.

“किती आहे गं फरक?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“चार बोटं,” ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्यांनी तिला बाहेर बोलावलं. तिनं ओला हात पदराला पुसला. त्यांनी तो हात टेबलावर ठेवला, चार बोटं जुळवली, आणि त्यांवरून टेप धरली. सात सेंटिमीटर, पाच मिलिमीटर. खिडकीकडे खोली कमी भरली होती तेवढंच. त्यांनी टेप काढून पुन्हा धरली.

मग टेप बाजूला ठेवून, चौतीस वर्षांच्या त्या बारीक, सरळ अक्षरात त्यांनी प्लॅनवर लिहिलं: चार बोटं.