येते म्हणालात

प्रागच्या पुलाजवळच्या चर्चने कुमुदिनीबाई टिळेकरांचा शब्द खरा धरला होता, म्हणून तिसऱ्या दिवशीही त्यांना शहराची वेस काही सापडेना. पहिल्या दिवशी रंगीत काचा, दगडी कमानी, सोनेरी देवदूत सगळं मान मोडेस्तोवर पाहून झाल्यावर उंबऱ्याशी त्या सवयीने म्हणाल्या होत्या, "येते हं." त्यांचे यजमान दिगंबरराव, तेही "येतो" म्हणाले होते. आपल्याकडे निघताना "जातो" कोण म्हणतं? अशुभच ते.

तेव्हापासून विमानतळाची बस चर्चच्या दारात थांबत होती. टॅक्सीही तिथेच. पायी निघालं तर पूल तिसऱ्या पुतळ्यापाशी संपायचा आणि समोर तेच दार. दर खेपेला रस्ता थोडा आखूड व्हायचा. आज सकाळी तर त्यांचं हॉटेलही त्यात नाहीसं झालं. दिगंबरराव नकाशा धरून शहराच्या नावाने बोटं मोडत होते. कुमुदिनीबाई सारख्या घड्याळ बघत होत्या. नाशकात लेकीचे दिवस भरले होते आणि आजचं विमान चारचं होतं.

शेवटी दारावरच्या तिकीटवाल्या बाईने, तिकीट फाडता फाडता, स्वच्छ मराठीत सांगितलं, "तुम्ही येते म्हणालात. म्हणून येताय."

"मग काय म्हणू?"

"जायचं असेल तर तसं म्हणा."

साठ वर्षांत उंबऱ्यावर तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. लेकीला आठवून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जाते."

विशेष काही झालं नाही. चौक सरळ झाला, पूल नदीपार पोचला आणि पलीकडे विमानतळाची बस दार उघडून उभी राहिली.

"आता हे," बाई दिगंबररावांकडे पाहून म्हणाली.

पूल पलीकडून पुन्हा आखडायला लागला होता. आटपा लवकर, म्हणून कुमुदिनीबाईंनीच त्यांना कोपराने ढोसलं. दिगंबररावांनी नकाशा घडी करून खिशात ठेवला. उंबऱ्यावर नीट उभे राहिले आणि सवयीने, चर्चकडे न बघता बायकोकडे बघून बोलले.

"कुमुद, मी जा..."

हा शब्द चर्चला नव्हता, त्यांना होता. कुमुदिनीबाईंचा तळवा दिगंबररावांच्या तोंडावर घट्ट बसला. पलीकडे बसचं इंजिन सुरू झालं. त्या हात मागे घ्यायला बघत होत्या. हात निघत नव्हता.