दगडी बाईचे अश्रू

दार बंद झाले की आत फक्त एक चेहरा दिसे. बाकी सगळा काळोख.

जुन्या दफनभूमीतले ते समाधिघर कुणा बड्या व्यापाऱ्याचे. वर घुमट, चहूबाजूंनी थंडगार संगमरवर आणि मधोमध एक दगडी बाई. तिच्या हातात उलटी धरलेली मशाल, पायाशी स्वतःचीच शेपटी गिळणारा साप. तिथे ठाण मांडून बसलेल्या महाराजांनी मशाल आणि साप तेवढे उघडे ठेवून तिला गळ्यापर्यंत काळ्या कापडात गुंडाळले होते. विजेरीचा झोत ते तिच्या चेहऱ्यावरच धरत. खच्चून भरलेली गर्दी ‘माई, रड!’ असे ओरडत राही आणि थोड्या वेळाने दगडाच्या डोळ्यांतून खरोखर पाणी ओघळे.

“मशाल उलटी का?” महाराज गरजत. “आग तुमच्या घराकडे निघालीय म्हणून! साप का? तुमचा रोग तुम्हालाच गिळतोय म्हणून! गोळ्या खाणं म्हणजे माईवर अविश्वास. टाका त्या कुंभात! तुमच्या गल्लीतले घड्याळजी हृदयाच्या गोळ्या इथे टाकून एक थेंब घेऊन गेले. पुन्हा आले का गोळ्या मागायला? नाही आले!”

दाराशी दगडी कुंभ होता. लोक त्यात औषधे टाकत, अश्रू जिभेवर घेत आणि हात जोडून निघत.

त्या दुपारी एक शिवणकाम करणारी बाई मुलीला घेऊन आली होती. मुलीला आकडी येई. गोळ्यांनी ती थांबली होती. मागच्या खेपेला गोळ्या कुंभात गेल्यापासून पुन्हा सुरू झाली होती. सोबत मुलीची मावशी होती, शाळेत चित्रकला शिकवणारी.

“ताई, अजून वेळ आहे. गोळ्या काढून घे त्यातल्या.”

“आणि माई कोपली तर? तू येणारेस निस्तरायला?”

“आत्ता काय कमी निस्तरतेय?”

“तू गप्प बस गं! पोर माझी आहे.”

महाराजांनी कडी लावली. “जोरात! माईला ऐकू जाऊ दे!” आत उकडू लागले, हवा जड झाली. माईच्या पापणीत थेंब चमकला आणि त्याच क्षणी मुलगी ताठ होऊन कोसळली.

“दार उघडा!” मावशी ओरडली.

“खबरदार! दार उघडलं तर माई तिचा जीव आतच ठेवून घेईल.”

कुणीही हलले नाही. मावशीने मुलीला कुशीवर वळवले आणि तिचे तोंड दिसावे म्हणून मोबाइलचा दिवा लावला. उजेड भिंतीवर पडला. भिंतीवरून पाणी ओघळत होते. घुमटाला थेंब लटकले होते. दाराची पितळी कडीसुद्धा घामेजली होती.

“ताई, बघ. भिंतसुद्धा रडतेय. तिला कुठे डोळे आहेत?”

आईने भिंतीवर तळहात ठेवला. ओल्या हाताकडे एकदा पाहिले. मग महाराजांना बाजूला ढकलून तिने कडी काढली.

बाहेर मुलगी हळूहळू भानावर आली. मावशी लोकांना सांगू लागली, “थंड पाण्याचा ग्लास बाहेरून ओला होतो ना? तेच हे. दगड थंड, तुमचे श्वास गरम आणि ओलसर. म्हणून तर दार लावून तुम्हाला ओरडायला लावतो हा. पापण्या खोल कोरल्यात, पाणी तिथे साचून ओघळतं. बाकी अंग कापडाखाली, भिंती अंधारात.”

“आणि ती मशाल?” कुणीतरी विचारले.

“विझलेलं आयुष्य. साप म्हणजे न संपणारा काळ. जुन्या थडग्यांवर कोरायचेच असं. आग कुणाच्या घराकडे निघालेली नाही.”

“पाखंड्यांसमोर माई रडत नाही!” महाराज किंचाळले.

“मग उघड्या दारात रडवून दाखवा की,” गर्दीतला एक टॅक्सीवाला म्हणाला. “घाई नाही, महाराज. मीटर बंद करून आलोय.”

दार उघडेच राहिले. वारा आत शिरला. माईचा चेहरा सगळ्यांसमोर कोरडा पडला.

मग लोकांनी कुंभ उपडा केला. कुणी दम्याचे औषध उचलले, कुणी साखरेचे. आईने मुलीच्या गोळ्या छातीशी धरल्या आणि बहिणीला एवढेच म्हणाली, “चल, डॉक्टरांकडे.”

हृदयविकाराच्या गोळ्यांची एक पट्टी तळाशी उरली.

“घड्याळजींची,” टॅक्सीवाला हळूच म्हणाला. “ते कसे येतील परत? मीच नेलं होतं त्यांना हॉस्पिटलात. उशीर झाला होता.”

समाधिघराच्या मागे त्यांच्या थडग्यावरची माती अजून ताजी होती.

दगडाला पाणी सुटते, त्यात त्याचा दोष नाही. दार लावून कुणी चमत्कार दाखवू लागला, तर आधी दार उघडायला सांगा. आणि औषध थांबवावेसे वाटले, तर ते ज्याने लिहून दिले त्याला विचारा. त्या बाईने जे अश्रू ढाळले, ते सारे आपलेच श्वास होते.