शेपटाची शिडी

विमान वेळेवर सुटलं असतं, तर भाऊजींना बढती होती आणि मला फार तर एक कप चहा. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आणि हँगरमध्ये माझे साहेब. विमान जमिनीवर उभं असताना त्याला वीज नि गार हवा देणारं छोटं इंजिन शेपटात असतं. त्याच्या सक्तीच्या तपासणीवर माझा शिक्का लागतो.

"मेहुणीबाई, न उघडताच मारा शिक्का. मागच्या वेळी ठणठणीत होतं."

"मग शिडी चढा. मी झाकण उघडते, तुम्ही डोळ्यांनी बघा."

"साहेबाला शिडी चढवतेस? नोकरी नकोशी झालीय का?"

"नोकरी घ्या काढून. खोटा शिक्का मिळायचा नाही."

इरेला पेटून ते चढले. मी झाकण उघडलं, आणि आत गळून साचलेलं तेल थेट त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आलं. विमान जागेवरच राहिलं.

प्रवाशांचे तीन तास गेले, भाऊजींची बढती. शर्ट मात्र ताईने घासला, आणि महिना झाला, ती माझ्याशी बोलत नाही.