अर्धं पाऊल डावीकडे

झाकणाची खिट्टी फिरवण्याआधी कोएच अर्धं पाऊल डावीकडे सरकला.

काटुंगेने हातातल्या माहितीपुस्तिकेच्या कच्च्या प्रतीवरून नजर उचलली. पुस्तिका छापायला देण्याआधी ती एकेक पायरी मोठ्याने वाचायची आणि मेकॅनिकने नेमकं तेवढंच करायचं, अशी थिका शहरातल्या या कारखान्यात तिने पाडलेली रीत होती. बाजूला सरकायचं तिने कुठेच लिहिलं नव्हतं.

"कोएच, का सरकलात?"

"सवय, मॅडम. बायकोपुढेही मी असाच तिरका उभा राहतो."

बाकीचे हसले. ती हसली नाही. दवाखान्यातली हत्यारं निर्जंतुक करणारं हे वाफेचं भांडं होतं. खेड्यापाड्यांतल्या नर्सेस ते पुस्तिका वाचूनच उघडणार होत्या. तिने दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. दाबाचा काटा शून्यावर आला, आणि झाकणाला हात लावण्याआधी तो मेकॅनिकही सरकला.

"काटा शून्यावर म्हणजे आत वाफ नाही ना?"

कोएचने हात पुसले. "अडकतो कधीकधी. आत वाफ असली तरी शून्यच दाखवतो. साहेबांना विचारा."

मॅनेजर बराझा चहाचा कप घेऊनच खाली आले.

"नवे काटे मागवलेत. पण तू आत्ताच धोका-धोका लिहिलंस, तर भांडं घेईल कोण? तुझी पहिली पुस्तिका मयताच्या बातमीसारखी वाटली होती लोकांना. सोपं लिहितेस ना बाई, तेवढंच लिही."

इतकी वर्षं तिने तेवढंच लिहिलं होतं. आधी इशाऱ्यांची अक्षरं बारीक झाली, मग ते शेवटच्या पानावर गेले, मग गेलेच. दर वेळी ती स्वतःला म्हणायची, पुढच्या वेळी बोलू.

"मग तुम्हीच उघडा, साहेब. मी वाचते. भांड्याच्या समोर उभे राहा."

बराझा हसत समोर उभे राहिले.

"काटा शून्यावर आला की झाकण उघडा."

काटा शून्यावर होता. त्यांचा हात खिट्टीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"गरम असेल अजून," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा कप उचलला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. छापखान्यातून मुतुआ बोलत होता. "मॅडम, मशीन लावलंय. करू ना सुरू?"

बराझांनी तिच्याकडे बघून मान डोलावली.

"नको, मुतुआ," काटुंगे म्हणाली. "ही पुस्तिका मी देणार नाही."