बर्फावर पेटलेला पितळी स्टोव्ह

मित्रांनो, माझे पोट पितळेचे आहे, पाय तीन आहेत आणि डोक्यावर एक काळवंडलेला बर्नर आहे. मी रॉकेलवर चालणारा जुना स्टोव्ह. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा स्टोव्ह कधी पाहिलाही नसेल.

एका दूरच्या थंड देशातल्या कारखान्यात मी घडलो. अमेरिकेत आल्यावर बरीच वर्षे एका गोऱ्या आजोबांबरोबर तळ्याकाठी मासे तळण्यात गेली. आजोबा थकले आणि मी शॉमबर्ग नावाच्या गावातल्या एका अंगणात, जुन्या सामानाच्या विक्रीत येऊन बसलो. तिथे सुवर्णाने मला पाहिले. "अगंबाई, हा इथे कुठे?" ती ओरडलीच. नागपूरला तिच्या लहानपणी घरी अस्साच स्टोव्ह होता. तिने मला घरी नेले आणि चिंचेने घासून लखलखीत केले.

मग माझे सुखाचे दिवस आले. सुवर्णा, तिचे यजमान आणि छोटी नेत्रा उन्हाळ्यात तंबू घेऊन निघत. माझ्यावर पोहे होत, चहा होई. शेजारच्या तंबूतली माणसे मुद्दाम मला बघायला येत. पण नेत्रा मोठी झाली, शिकून दूर, बर्फाळ डोंगरांजवळच्या डेन्व्हरला नोकरीला गेली, आणि मी तळघरात गेलो. नाताळच्या दिव्यांचा खोका माझ्यापुढे आला, त्यापुढे आणखी एक खोका. मला कोणी विसरले असे नाही, पण मी कोणाला आठवलोही नाही.

इकडे सुवर्णाने मात्र पन्नाशी उलटल्यावर एक नवाच छंद धरला. पायांना स्की म्हणजे लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरायला ती लेकीकडून शिकली. आपटली, उठली, पुन्हा आपटली, पण शिकली. तिच्या साठाव्या वाढदिवसाला नेत्राने विचारले, "आई, गिफ्ट काय हवं?" ती म्हणाली, "डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टनं नाही, आपल्या पायांनी डोंगर चढायचा, बर्फावर झोपायचं आणि सकाळी स्की करत खाली यायचं."

म्हणून मे महिन्यात, तिथल्या उंच डोंगरांवर बर्फ अजून टिकून असताना, ती गाडीने डेन्व्हरला निघाली आणि निघताना खोके बाजूला सारून तिने मला उचलले, रॉकेल आणि स्पिरिटही बरोबर घेतले. जावई देवांग मला पाहून हसला. "आई, हे वजन कशाला? माझा नवा गॅसचा स्टोव्ह मुठीत मावतो."

"असू दे रे. माझ्या पाठीवर आहे, तुझ्या नाही."

स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून तिघे चढू लागले. त्या पट्ट्यांमुळे स्की मागे घसरत नाही. सुवर्णा दमली की थांबायची, लिमलेटची गोळी तोंडात टाकायची आणि पुन्हा चालू लागायची. दुपारी एका ओढ्यावरचा बर्फ देवांगच्या पायाखाली खचला. नेत्राने त्याचा दंड धरून ओढला, म्हणून तो वाचला. पण पाय गुडघ्यापर्यंत भिजला आणि सॅकच्या बाहेर बांधलेली त्याच्या गॅसच्या स्टोव्हची पिशवी पाण्याबरोबर बर्फाखाली गडप झाली. त्या खचलेल्या वाटेने लगेच परत जाणे धोक्याचे होते. तिघे तसेच वरच्या सपाटीवर पोहोचले. तंबू लागला, देवांगने कोरडे मोजे घातले, पण तो कुडकुडत होता. बाटलीत घोटभर पाणी उरले होते. चहूकडे बर्फच बर्फ, पण तो वितळवायचा कसा?

"आई, तुझा स्टोव्ह!" नेत्रा म्हणाली.

मित्रांनो, माझी छाती अभिमानाने फुगायला हवी होती. पण पंप मारला तर तो नुसताच खालीवर झाला. पोटात हवा भरेचना. देवांगने मारून पाहिले, नेत्राने पाहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"डेड आहे, यार," देवांग पुटपुटला.

"थांब जरा," सुवर्णा म्हणाली. तिने पंपाचा दांडा बाहेर ओढला. टोकाचा चामड्याचा वायसर वाळून आक्रसला होता. "याला तेल हवं. डब्यातलं लोणचं काढ."

"आई, सीरियसली?"

"काढ तर."

मिरचीच्या लोणच्यावरचे तेल तिने रुमालाने गाळले आणि वायसरला चोळ चोळ चोळले. चामडे मऊ पडले, तशा तिने त्याच्या कडा बोटांनी फाकवल्या. दांडा परत बसवला आणि पंप मारला. या वेळी तो घट्ट लागला! तिने स्पिरिटात भिजवलेला काकडा पेटवून बर्नर तापवला, आणि मी फर्रर्र करून पेटलो. नेत्राने पातेल्यात तो शेवटचा घोट ओतला, नुसत्या बर्फाने पातेले करपू नये म्हणून, आणि वर मूठमूठ बर्फ टाकत गेली.

पहिला गरम पेला देवांगला मिळाला. पेला दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला, "सॉरी, आई. आणि... थोडा लोणच्याचा वास येतोय."

तिघे इतके हसले की पातेले कलंडता कलंडता राहिले.

सकाळी ऊन वर येईपर्यंत त्यांनी थांबून वाट पाहिली. रात्री दगडासारखा झालेला बर्फ वरून सुटा झाला, अगदी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. सुवर्णा उताराच्या तोंडाशी क्षणभर घुटमळली. मग निघाली. मी तिच्या पाठीवर होतो. डावीकडे वळण, उजवीकडे वळण, पुन्हा डावीकडे. तळाशी पोहोचताना ती धपकन बसली आणि बसल्या बसल्याच लहान मुलीसारखी ओरडली, "नेत्रा, पुन्हा!" ओढा त्यांनी लांबचा वळसा घेऊन, लाकडी पुलावरून ओलांडला.

घरी आल्यावर देवांगने स्वतः माझे उरलेले रॉकेल काढले, मला पुसले, आणि पंप कसा खोलायचा ते सासूबाईंकडून शिकून घेतले.

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर घ्या, त्याही कामाच्या असतात. पण तुमच्याही घरात कुठल्याशा खोक्यामागे कोणीतरी वाट पाहत बसले असेल. त्याला एकदा बाहेर काढा, पुसा, चालवून बघा. त्याचे काय वाळले आहे, काय अडले आहे, ते डोंगरावर कळण्यापेक्षा घरी कळलेले केव्हाही बरे.